पीएसएचा आकडा : साधी वाढ की कर्करोग?

सभासद बंधूंनो, या पानावर आम्ही एरवी बेणेप्रक्रिया, खोडव्यातील पाचट आणि ठिबकावरील खताच्या मात्रा याविषयी लिहितो. या वेळी माणसाच्या दुखण्याविषयी लिहीत आहोत. आम्ही डॉक्टर नाही, शेतकी पदविका घेतलेले ऊस विकास अधिकारी आहोत, हे आधीच सांगितलेले बरे. परंतु लागणीच्या नोंदी घेत बांधाबांधाने फिरताना गेल्या काही वर्षांत सातबाऱ्याच्या खालोखाल कोणते कागद आमच्या हातात आले असतील, तर ते रक्ततपासणीचे. साठी उलटलेला सभासद आधी पाण्याच्या पाळीचे बोलतो, मोटारीच्या लोडशेडिंगचे बोलतो. मग मुलगा जरा लांब गेला की बंडीच्या खिशातून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढतो.

"साहेब, तुमाले इंग्रजी येते. याच्यात क्यान्सर लिहेल हाय काय, तेवढं सांगा."

कागदावर कॅन्सर कुठेच लिहिलेला नसतो. पीएसए ही तीन अक्षरे, पुढे एक आकडा आणि आकडा चारच्या वर असेल तर शेजारी 'जास्त' अशा अर्थाची एक खूण, इतकेच असते. त्या खुणेने काय होते ते आम्ही पाहिले आहे. देऊळगाव राजाकडील एका सभासदाने एका शिबिरात रक्त दिले. आठ दिवसांनी पाकिटे वाटली गेली. यांच्या पाकिटात ६.८ हा आकडा निघाला. समजावून सांगायला कोणी नव्हते. शिबिरवाले पुढच्या गावी गेले होते. या गृहस्थांनी दुसऱ्या दिवसापासून मळ्यात जाणे सोडले, लेकीला सासरहून बोलावून घेतले आणि दोन एकरांचे गिऱ्हाईक पाहायला दलालाला सांगितले. उपचाराला पैसा लागेल म्हणून. पुढे तालुक्याच्या डॉक्टरांनी लघवी तपासली तेव्हा तिच्यात जंतुदोष निघाला. औषध झाले, दोन महिने थांबून रक्त पुन्हा तपासले, तर आकडा २.९. जमीन वाचली, कारण दलालाला गिऱ्हाईक लवकर मिळाले नाही.

याच्या उलट गोष्ट आमच्याच घरची आहे. ती पुढे सांगू. आधी हा आकडा कशाचा, ते पाहू.

पुरुषाच्या मूत्राशयाच्या तोंडाशी, लघवीच्या नळीभोवती अंगठीसारखी बसलेली एक ग्रंथी असते. पुस्तकी मराठीत तिला पुरःस्थ ग्रंथी म्हणतात, बोलण्यात प्रोस्टेट. जवानीत ती अक्रोडाएवढी, वजनाला साधारण वीस ग्रॅम. वय वाढते तशी बहुतेकांची ही ग्रंथी वाढते. साठीच्या आसपास निम्म्या पुरुषांत आणि ऐंशीच्या पुढे दहांपैकी आठ-नऊ जणांत कमी-अधिक वाढ असतेच. ही साधी वाढ. ती ग्रंथीच्या आतल्या भागात, नळीला लागून होते, म्हणून नळी दाबली जाते. ठिबकची नळी दगडाखाली सापडावी तसे होते : धार बारीक, सुरू व्हायला वेळ, रात्री तीन-चार वेळा उठणे, आणि जाऊन आल्यावरही मोकळे न वाटणे.

कर्करोग बहुधा ग्रंथीच्या बाहेरच्या भागात, नळीपासून दूर सुरू होतो. त्यामुळे आरंभी तो लघवीला कसलाही त्रास देत नाही. म्हणून लघवी अडते म्हणजे कर्करोगच आहे, असे नव्हे. आणि धार चांगली आहे म्हणजे कर्करोग नाहीच, असेही नव्हे. साधी वाढ पिकून तिचा कर्करोग होत नाही. ती दोन वेगळी दुखणी आहेत. पण एकाच माणसात दोन्ही एका वेळी असू शकतात आणि दोन्ही म्हातारपणीच येतात. सगळा घोटाळा येथूनच सुरू होतो.

ही दोन दुखणी रक्तावरून वेगळी ओळखता येतील काय, या प्रश्नावर जगात ऐंशीहून अधिक वर्षे काम चालले आहे. १९३०च्या दशकात अमेरिकेतील गटमन दांपत्याच्या ध्यानात आले की, प्रोस्टेटचा कर्करोग हाडांत उतरला की रक्तातील ॲसिड फॉस्फेटेज नावाचे द्रव्य वाढते. शिकागोच्या डॉ. चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवून दिले की, वृषणे काढली म्हणजे पुरुषी संप्रेरक बंद होऊन हा रोग मागे हटतो आणि ते द्रव्यही रक्तात उतरते. या कामाबद्दल त्यांना १९६६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पण ती खूण उशिरा उठणारी होती. रोग घरभर पसरल्यावर दाराशी पाटी लागावी, तशी. १९७९ मध्ये बफेलो येथील रॉसवेल पार्क कर्करोग संस्थेत डॉ. मिंग चू यांच्या तुकडीने प्रोस्टेटमधून एक प्रथिन वेगळे काढले आणि पुढच्याच वर्षी ते रक्तात मोजून दाखवले. तेच पीएसए, म्हणजे प्रोस्टेटचे खास प्रतिजन.

'खास' हा शब्द येथे नीट समजून घ्यावा. हे प्रथिन प्रोस्टेटचे खास आहे, कर्करोगाचे खास नाही. निरोगी ग्रंथीही ते बनवते. वीर्य पातळ ठेवणे हे त्याचे नेमलेले काम. त्यातील किंचित अंश रक्तात झिरपतो, तोच आपण मोजतो. किती किंचित? रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये चार नॅनोग्रॅम, म्हणजे दहा लाख लिटरच्या भरलेल्या शेततळ्यात चहाचा एक चमचा साखर. इतके बारीक मोजमाप तालुक्याच्या गावीही होते, ही विज्ञानाची मोठीच करामत आहे. पण ती साखर कोणत्या पोत्यातून सांडली, हे तळ्याचे पाणी सांगत नाही.

कर्करोगाची पेशी हे प्रथिन निरोगी पेशीपेक्षा फार जास्त बनवते, अशी पुष्कळांची समजूत असते. तसे नाही, उलट थोडे कमीच बनवते. फरक बांधबंदिस्तीचा आहे. निरोगी ग्रंथीत हा रस नेमलेल्या पाटाने वाहतो. कर्करोगात पाटाचे काठ फुटतात आणि रस रानोमाळ होऊन रक्तात उतरतो. जंतुदोष झाला, नळी घालावी लागली, लघवी तुंबली, तरीही काठ ढिले होतात आणि आकडा चढतो. साध्या वाढीत काठ शाबूत असतात, पण रानच मोठे झालेले असते, म्हणून झिरपही मोठा. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्डचे डॉ. थॉमस स्टेमी यांनी १९८७ मध्ये हिशेब मांडला की, त्या वेळच्या चाचणीने साध्या वाढीच्या दर ग्रॅमला सुमारे ०.३ इतका आकडा चढतो. याच लेखाने पीएसएची द्वाही जगभर फिरली. पुढे १९९४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने बोटाच्या तपासणीच्या जोडीने, रोग शोधण्यासाठी ही चाचणी मान्य केली. आणि याच स्टेमींनी आपल्या सहकाऱ्यांसह २००४ मध्ये लिहिले की, अमेरिकेत पीएसएचे युग संपले. कारण तिकडे सरसकट तपासण्या इतक्या झाल्या की, जे मोठे रोग होते ते सापडून गेले आणि आता हा आकडा मुख्यतः ग्रंथीचा आकारच सांगू लागला आहे. ज्याने झेंडा लावला, त्यानेच तो उतरवायला यावे, असे क्वचित घडते.

आपल्या मुंबईतही याच प्रश्नावर काम झालेले आहे, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. परळ येथील भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची प्रजनन संशोधन संस्था आणि टाटा स्मारक केंद्राची कर्करोग संशोधन संस्था येथे डॉ. ए. आर. शेठ व त्यांचे सहकारी १९८०च्या दशकात प्रोस्टेटच्याच दुसऱ्या एका प्रथिनाच्या मागे होते. ९४ अमिनो आम्लांची ही छोटी साखळी. साधी वाढ आणि कर्करोग या दोन्ही प्रकारच्या रुग्णांच्या रक्तात व लघवीत ती मोजून त्यांनी १९८८ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. ती चाचणी काही आपल्या तालुक्यापर्यंत आली नाही. परंतु २००८ मध्ये परदेशी संशोधकांना मोठ्या पाहणीत आढळले की, याच प्रथिनाच्या जनुकाशेजारचा एक फरक प्रोस्टेट कर्करोगाच्या धोक्याशी निगडित आहे. म्हणजे परळच्या मंडळींनी हात घातला ती जागा चुकीची नव्हती.

आता आपल्या ओळखीच्या भाषेत बोलू. तोडणीपूर्वी आम्ही ब्रिक्स मीटर घेऊन येतो, उसाच्या रसाचा थेंब काचेवर ठेवतो आणि आकडा वाचतो. वीस आला की सभासद खूष. पण जुने शेतकरी जाणतात की, ब्रिक्स म्हणजे साखर नव्हे. रसात विरघळलेले जे जे काही असेल त्या सर्वांची ती बेरीज. खारवट जमिनीतील ऊस, पाण्यावाचून सुकलेला ऊस, तोडून चार दिवस पडलेला ऊस, हेही मीटरवर फुशारकी मारतात. खरी परीक्षा कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते. तेथे पोल काढतात, म्हणजे त्या बेरजेतील नुसती साखर. ब्रिक्स २० आणि पोल १७ तर शुद्धता ८५ टक्के, ऊस पक्व. ब्रिक्स तोच २० पण पोल साडेचौदा, तर शुद्धता साडेबहात्तर, आणि हा ऊस अजून तोडीला आलेला नाही.

पीएसएचे नेमके असेच आहे. कागदावरचा एकूण आकडा हा ब्रिक्स आहे. रक्तात हे प्रथिन दोन रूपांत असते : काही दुसऱ्या प्रथिनाला चिकटलेले, काही मोकळे. साध्या वाढीत मोकळ्याचा वाटा जास्त राहतो, कर्करोगात चिकटलेल्याचा वाढतो. ही गोष्ट १९९०च्या सुमारास उत्तर युरोपातील संशोधकांनी दाखवली. म्हणून चार ते दहा यांच्या दरम्यान एकूण आकडा असला म्हणजे डॉक्टर 'मुक्त पीएसए' ही दुसरी तपासणी सांगतात. समजा दोघांचा एकूण आकडा ६. पहिल्याचा मुक्त १.८ निघाला, म्हणजे ३० टक्के. दुसऱ्याचा ०.५, म्हणजे जेमतेम ८ टक्के. २५ टक्क्यांच्या वर असले तर साध्या वाढीकडे कल, दहाच्या खाली असले तर कर्करोगाचा संशय दाट. ही शुद्धतेची तपासणी झाली म्हणा. मधल्या टक्क्यांत मात्र तीही गप्प बसते. एकूण आकडा दहाच्या पुष्कळ वर असेल तर या टक्केवारीच्या मागे वेळ घालवण्यात अर्थ नसतो. तेथे डॉक्टर सरळ पुढच्या तपासण्यांकडे जातात.

दुसरा हिशेब एकरी उताऱ्याचा. साठ टन ऊस निघाला, एवढ्याने काही कळत नाही. किती एकरांतून, ते विचारावे लागते. सोनोग्राफीत ग्रंथीचे आकारमान मिळते. ग्रंथी ८० ग्रॅम आणि पीएसए ६ असेल तर भागाकार ०.०७५, म्हणजे मोठ्या रानाचा साधा झिरप. ग्रंथी २५ ग्रॅम आणि आकडा तोच ६, तर भागाकार ०.२४, आणि एवढ्याशा तुकड्यातून इतके उत्पन्न कसे, हा प्रश्न उभा राहतो. साधारण ०.१५ ही हद्द डॉक्टर मानतात. आमच्या पाहण्यात असे आले आहे की, सोनोग्राफीचा कागद एका पिशवीत आणि रक्ताचा कागद दुसऱ्या पिशवीत, आणि दोन्ही कागद एका डॉक्टरासमोर कधी आलेच नाहीत. पाचवी नापास झालेल्यालाही करता येईल असा हा भागाकार आहे, पण त्यासाठी दोन्ही कागद एकत्र पाहिजेत.

वयाचेही पाहावे लागते. चाळिशीत अडीच हा आकडा भुवई उंचावणारा, सत्तरीत साडेसहापर्यंत चालून जातो, असा तक्ता अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी १९९३ मध्ये दिला होता. लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेतील डॉक्टरांनी २०१४ मध्ये आपल्याकडील रुग्ण पाहून मांडले की, लघवीची तक्रार घेऊन आलेल्या भारतीय पुरुषांत तुकडा काढण्याची हद्द चारऐवजी ५.४ धरली तर पुष्कळांची सुई वाचेल. म्हणजे चार हा काही सातबाऱ्यावरचा हद्दीचा दगड नाही. आणि त्याच्या आत सारे निर्धास्त, असेही नाही. अमेरिकेत एका मोठ्या पाहणीत वर्षानुवर्षे चारच्या आत आकडा असलेल्या २,९५० पुरुषांचे तुकडे तपासले, तर १५ टक्क्यांत कर्करोग निघाला. त्यांतील बहुतेक सौम्य होते, काही नव्हते.

आता आमच्या घरची गोष्ट. वडील बहात्तर वर्षांचे असताना रात्री चार-चार वेळा उठू लागले. डॉक्टरांनी साध्या वाढीच्या गोळ्या दिल्या, गुण आला. दीड वर्षाने कोणीतरी म्हणाले म्हणून पीएसए केला, तो ३.४ आला. कागद आम्हीच वाचला आणि आम्हीच म्हणालो, "दादा, चारच्या आत आहे, निवांत राहा." त्या दिवशी घरी पुरण शिजले. पुढे मुतखड्याच्या निमित्ताने त्यांना शहरात एका मूत्ररोगतज्ज्ञांकडे नेले. त्यांनी एकच गोष्ट मागितली, जी आम्हाला सुचली नव्हती : रोजच्या गोळ्यांची रिकामी पाकिटे. त्यांत एक ड्युटास्टेराइडचे होते. ही गोळी आणि तिची बहीण फिनास्टेराइड ग्रंथी आखडवतात. साध्या वाढीला त्या उत्तम. पण सहा महिने ते वर्षभर घेतल्या म्हणजे पीएसए जवळजवळ निम्म्यावर येतो. म्हणून अशा माणसाचा आकडा दुप्पट करून वाचायचा असतो. आमच्या वडिलांचा ३.४ हा वस्तुतः ६.८ होता. देऊळगाव राजाच्या त्या सभासदाचा होता तेवढाच! तिकडे तो आकडा खोटा भेडसावत होता, इकडे खोटा धीर देत होता.

डॉक्टरांनी बोटाने तपासले, तर एका बाजूला टणक जागा लागली. ही तपासणी गुदद्वारातून करतात, अर्ध्या मिनिटात होते, आणि हिलाच लाजून आपली माणसे परत येतात. आमचे वडीलही आधी म्हणाले, "मले नाही करून घ्यायचं असलं काही. गुरांच्या डॉक्टरावानी करते हा." मग नातवाने समजावल्यावर तयार झाले. कर्करोग बाहेरच्या भागात होतो, आणि तोच भाग बोटाला लागतो, म्हणून या तपासणीची सर रक्ताला येत नाही आणि रक्ताची सर तिला येत नाही. दोन्ही लागतात. (टॅमसुलोसिन ही लघवी मोकळी करणारी दुसरी गोळी पीएसए कमी करत नाही. तिच्याबद्दल ही शंका नको.)

पुढे एमआरआय झाला आणि मग तुकडा काढला. अलीकडे सुईच्या आधी एमआरआय काढतात, कारण संशयाची जागा कळते. २०१८ मध्ये अनेक देशांतील रुग्णांवर झालेल्या एका चाचणीने दाखवले की, या रीतीने धोक्याचे कर्करोग जास्त सापडतात आणि कित्येकांची सुई टळते. तुकडा काढणे म्हणजे सोनोग्राफीच्या मदतीने बारीक सुईने ग्रंथीच्या निरनिराळ्या भागांतून दहा-बारा नमुने घेणे. मातीचा नमुना आपण बांधाजवळचा एकच घेत नाही, नागमोडी चालत सगळ्या रानातून घेतो, तोच न्याय. सुई लागली की रोग पसरतो, ही गावातील समजूत निराधार आहे. हिच्यापायी लोक वर्ष-वर्ष घालवतात. रक्ताची कोणतीही खूण, मग ती कितीही नवी असो, संशय वाढवते किंवा कमी करते. कर्करोग आहे असे शेवटी सूक्ष्मदर्शकाखालचा तुकडाच सांगतो.

आणि तुकड्यात कर्करोग निघाला तरी तो कोणत्या जातीचा, हे पाहावे लागते. डॉ. ग्लीसन यांनी १९६०च्या दशकात बसवलेल्या प्रतवारीने त्याला गुण देतात. सौम्य असेल तर कित्येकदा काहीच न कापता ठरावीक मुदतीने तपासत राहतात. ब्रिटनमध्ये १,६४३ रुग्णांना शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि नुसती देखरेख अशा तीन गटांत विभागून पाहिले. पंधरा वर्षांनंतर २०२३ मध्ये निकाल जाहीर झाला, तेव्हा तिन्ही गटांत या कर्करोगाने मृत्यू पावलेल्यांचे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपासच होते. हे सर्व रोग ग्रंथीच्या आत असताना सापडलेले रुग्ण होते, एवढे ध्यानात ठेवावे. आमच्या वडिलांचा सौम्य नव्हता, पण आतच होता. किरणोपचार व इंजेक्शने झाली.

मेहकरकडील एका सभासदाचे तसे झाले नाही. कंबर दुखते म्हणून वर्षभर मालीश चालले. उसाच्या मोळ्या उचलून लचक भरली, असे सर्वांनी धरले होते आणि आम्हीही त्यांना ओळखीच्या हाडवैद्याचा पत्ता दिला होता. पीएसए केला तेव्हा आकडा चारशेच्या वर होता आणि रोग मणक्यांत उतरला होता. एवढ्या आकड्याला टक्केवारीही लागत नाही आणि भागाकारही लागत नाही. गेल्या चैत्रात ते गेले.

म्हणून अमेरिकेचे वाद आम्ही वाचतो तेव्हा आमचे मन दोन्हीकडे ओढते. तिकडे निरोगी माणसांचे सरसकट रक्त तपासून सौम्य रोगांवर नाहक शस्त्रक्रिया झाल्या. हे प्रतिजन १९७० मध्ये शोधल्याचा मान ज्यांना दिला जातो, त्या डॉ. रिचर्ड ॲब्लिन यांनीच २०१० मध्ये वर्तमानपत्रात लेख लिहून या सरसकट तपासणीवर कडक टीका केली. आपल्याकडे उलट. ग्रामीण भागातील कर्करोगाची नोंद ठेवणारे देशातील पहिले केंद्र १९८७ मध्ये बार्शीला सुरू झाले. तेथील नोंदीत प्रोस्टेटचा कर्करोग मुंबईपेक्षा कमी दिसत आला. काही अंशी तो खरोखर कमी असेलही. पण ज्या गटात नोंद घ्यायला माणूसच गेला नाही, त्या गटातील ऊस कमी भरतो, हे आम्हाला नव्याने सांगायला नको. शिबिरात सर्वांचे रक्त काढून पाकिटे वाटण्याला आमचा विरोध आहे. ज्याला तक्रार आहे, किंवा ज्याच्या बापाला वा भावाला हा रोग झाला आहे, त्याने पन्नाशीच्या आसपास डॉक्टरांशी बसून बोलावे आणि मग रक्त द्यावे, असे आमचे मत आहे.

रक्त देताना काही पथ्ये आहेत. लघवीत जळजळ वा ताप असेल तर आधी त्याचा उपचार आणि मग सहा ते आठ आठवड्यांनी चाचणी. लघवी तुंबून नळी घातली असेल तरी तितकेच थांबावे. आदल्या दोन दिवसांत शरीरसंबंध टाळावा, सायकलची लांब रपेटही टाळावी. उपाशीपोटी जाण्याची गरज नाही. आकडा जास्त आला तर घाबरण्याआधी तो त्याच प्रयोगशाळेत पुन्हा करून घ्यावा. दोन प्रयोगशाळांचे आकडे एकमेकांशी ताडू नयेत. दोन काट्यांवरील वजनाचे भांडण आपल्याला काही नवे नाही. जुना कागद फेकू नये, कारण एका आकड्यापेक्षा तीन वर्षांच्या तीन आकड्यांची चाल पुष्कळ बोलते.

मात्र लघवी पूर्ण बंद झाली, लघवीतून रक्त आले, थंडी वाजून ताप आला, किंवा पाठदुखीबरोबर पायांतली ताकद गेली, तर पीएसएची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. सोय आपल्याला अगदीच दूर नाही. बुलढाण्याचे जिल्हा रुग्णालय आहे, अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. रोग ठरलाच तर छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय, नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आणि मुंबईचे टाटा आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसते ते रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारावे. शिधापत्रिका व आधार सोबत न्यावे. जमिनीला गिऱ्हाईक पाहण्याआधी एवढे करावे.

डॉक्टरांकडे जाताना एका पिशवीत रक्ताचे सगळे कागद, सोनोग्राफीचा कागद आणि चालू गोळ्यांची पाकिटे ठेवावीत, आयुर्वेदिक वा किराणा दुकानातून घेतलेली सुद्धा. आमच्या शेतकी विभागातील मदतनीस मंडळींना आम्ही सांगून ठेवले आहे की, बांधावर कोणी असा कागद दाखवला तर आकड्याचा अर्थ लावू नये, गोळ्यांचे पाकीट तेवढे विचारावे.

देऊळगाव राजाचे ते सभासद यंदा त्याच दोन एकरांत नवी लागण करीत आहेत. आमच्या वडिलांचा मागचा आकडा एकच्या आत होता. पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे. पिशवी त्यांनी स्वतःच भरून खुंटीला लावली आहे.